धंदा जागेवर टिकतो की गुणांवर? मिरजेच्या सतारमेकर गल्लीचा धडा

हिजरतनंतरचा तो प्रसंग आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेला आहे. मक्केहून आलेल्या ह. अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांचे मदिनेच्या ह. सअद बिन रबीअ (रजि.) यांच्याशी भाऊपणाचे नाते जोडण्यात आले. ह. सअद यांनी आपली अर्धी मालमत्ता त्यांच्यापुढे ठेवली. ह. अब्दुर्रहमान यांनी त्यांच्यासाठी बरकतीची दुआ केली आणि एवढेच विचारले की, येथे बाजार कोठे भरतो? त्यांना बनी कैनुकाचा बाजार दाखविण्यात आला. परत आले तेव्हा त्यांच्यापाशी थोडे तूप आणि थोडे पनीर होते. सहीह बुखारीत ही रिवायत आहे. पुढे हेच ह. अब्दुर्रहमान मदिनेच्या मोठ्या व्यापाऱ्यांत गणले गेले.

व्यापाऱ्याच्या नजरेने हा प्रसंग पुन्हा वाचून पाहा. रिकाम्या हाताने आलेल्या माणसाने भांडवल मागितले नाही, जागा मागितली. म्हणजे जागेचे महत्त्व त्यांना पक्के ठाऊक होते. पण त्या बाजारात बसणारे ते एकटे नव्हते. बाजार सर्वांना एकच होता आणि प्रत्येकाच्या हाती वेगळे लागले. मग धंदा वाढविते आणि टिकविते ते काय? जागा, की जागेवर बसणाऱ्याचे गुण?

व्यापारी बंधू भेटले की आम्हाला बहुधा जागेबद्दल विचारतात. गल्लीतले दुकान सोडून मोठ्या रस्त्यावर जावे काय? जुन्या बाजारात गिऱ्हाईक उरले नाही, काय करावे? प्रश्न रास्त आहेत. मात्र ‘माझ्यामागे हे दुकान चालेल काय?’ असे विचारणारा क्वचितच भेटतो. या वेळच्या पाठात आम्ही हे दोन्ही प्रश्न एकत्र घेणार आहोत, आणि त्यासाठी आपल्याच महाराष्ट्रातील एका गल्लीत जाणार आहोत.

शिकलगारांची गल्ली सतारमेकरांची कशी झाली

सांगली जिल्ह्यातील मिरज येथे सतार आणि तंबोरा तयार करणाऱ्यांची वस्ती आहे. बहुतेक कारागीर मुसलमान असून ‘सतारमेकर’ हेच अनेकांचे आडनाव झाले आहे. हे काम येथे सुमारे १८५० पासून, म्हणजे पावणेदोनशे वर्षे चालू आहे. संगीताची शरई बाजू हा या पानाचा विषय नाही. आम्ही येथे फक्त कारागिरी आणि धंदा या अंगाने पाहत आहोत.

या घराण्यांचे मूळ काम शिकलगारीचे, म्हणजे तलवारी, भाले, कट्यारी घासून-पुसून धार लावण्याचे. १८१८ मध्ये पेशवाई गेली, इंग्रजी अंमल बसला आणि हत्यारांचे काम वर्षागणिक कमी होत गेले. मिरज हे पटवर्धनांचे संस्थान होते. दरबारात गवई-वादकांची ये-जा होती. त्यांची वाद्ये बिघडली म्हणजे दुरुस्तीसाठी दूर उत्तरेकडे पाठवावी लागत. गल्लीत सांगितले जाते ते असे की, फरीदसाहेब नावाच्या शिकलगाराने ही दुरुस्ती हाती घेतली, वाद्य उलगडून त्याचे मर्म समजून घेतले आणि पुढे स्वतःच तंबोरे, सतारी घडविण्यास सुरुवात केली. त्यांचे भाऊबंद, मग मुले, मग नातवंडे त्यात आली.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. शिकलगाराचे पोट भरणारे काम गेले, पण त्याचा हात गेला नाही. बारीक घासकाम, चकाकी देणे, केसाएवढा फरक बोटाने ओळखणे हे हुन्नर त्याच्यापाशी शिल्लक होते. त्याने गाव सोडले नाही, गिऱ्हाईक बदलले.

जागेने काय दिले

१८९० मध्ये इंग्लंडचे अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी ‘अर्थशास्त्राची तत्त्वे’ हा ग्रंथ लिहिला. एकाच धंद्याचे लोक एकाच ठिकाणी का गोळा होतात, याची तीन कारणे त्यांनी दिली. पहिले, तेथे त्या कामाचे माणूसबळ मिळते. दुसरे, त्या धंद्याला लागणारे पूरक धंदे शेजारी उभे राहतात. तिसरे, कामाची गुपिते गुपिते राहत नाहीत, जणू हवेतून पसरतात आणि मुले ती नकळत शिकतात. मार्शलसाहेबांच्या डोळ्यांपुढे इंग्लंडमधील कारखानदारीची गावे होती. पण मिरजेच्या गल्लीला त्यांचा प्रत्येक शब्द लागू पडतो.

माणूसबळाचे पाहा. एक चांगला तंबोरा एका माणसाच्या हातून पूर्ण होत नाही. कोणी भोपळा तासतो, कोणी दांडी कोरतो, कोणी नक्षी आणि पॉलिश करतो, कोणी खुंट्या बसवितो, आणि शेवटी जवारी काढणारा उस्ताद त्यात सूर उतरवितो. अशी माणसे एका हाकेच्या अंतरावर असतात तेथेच हा धंदा परवडतो.

पूरक धंद्यांचे पाहा. तंबोऱ्याला लागणारा मोठा, जाड सालीचा भोपळा खाण्याचा नसतो. तो सोलापूर जिल्ह्यात, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला भीमेच्या काठी होतो. शेतकरी तो वाद्यासाठीच पिकवितो आणि वेलावर पुरता वाळवितो. मिरज तेथून जवळ. पुढे मिरज रेल्वेचे जंक्शन झाले. पुणे, कोल्हापूर, बेळगाव-हुबळी आणि पंढरपूर अशा चारही दिशांनी गाड्या मिळू लागल्या. नाजूक वाद्य पेटीत घालून पाठविणे आणि गवयाने स्वतः येऊन पारखून नेणे, दोन्ही सोपे झाले.

तिसरे ज्ञानाचे. ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यामुळे मिरजेत गाणाऱ्यांचे येणे-जाणे पूर्वीपासून होते. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, १९३७ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर दफनही येथेच झाले. वाद्यांच्या दुरुस्तीचे त्यांना स्वतःला चांगले ज्ञान होते. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्यापाशी मिरजेत शिकलेल्या पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि संगीताच्या शाळांची प्रथा पुढे देशभर गेली. असे कसबी गिऱ्हाईक दारात बसून ‘हा सूर मला हवा तसा बोलत नाही’ असे सांगते, तेव्हा कारागिराला शाळेत न मिळणारे शिक्षण मिळते. चांगले गिऱ्हाईक जवळ असणे, हा जागेचा सर्वांत मोठा फायदा आम्ही मानतो. पेठेत दुकान घेताना आपण रस्त्याची रुंदी पाहतो, पण तेथे येणारे गिऱ्हाईक आपल्याला काही शिकवील काय, हे कोणी पाहत नाही.

१९४८ साल : दोन गावे, दोन निकाल

आता दुसरी बाजू. जागाच सर्व काही असती, तर चांगल्या जागी बसलेला धंदा कधी मोडला नसता. यासाठी औरंगाबादच्या हिमरूकडे वळू या. या शहराला आता छत्रपती संभाजीनगर म्हणतात.

हिमरू म्हणजे सुताच्या ताण्यावर रेशमाच्या बाण्याने वेलबुट्टी काढलेले वस्त्र. मलिक अंबरने १६१० मध्ये वसविलेल्या या शहराला पुढे मोगल सुभेदारीचे आणि मग आसफजाही राजधानीचे वैभव लाभले. सरदार, मनसबदार, दरबारी यांच्या शेरवान्या आणि शालींसाठी हिमरूला तोटा नव्हता. १७६३ मध्ये निजामाने राजधानी हैदराबादला नेली. हा पहिला धक्का होता. तरीही हैदराबादचे अमीर-उमराव हिमरू वापरत राहिले, म्हणून माग चालू राहिले. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान संपले. शेरवान्या शिवणारा वर्ग पांगला. त्यानंतर यंत्रमागावरचे हुबेहूब दिसणारे स्वस्त कापड बाजारात आले. एके काळी गल्लोगल्ली माग असलेल्या शहरात आज हातमागावरचे अस्सल हिमरू विणणारे अगदी थोडे उरले आहेत.

मिरज संस्थानही १९४८ मध्येच विलीन झाले. म्हणजे राजाश्रय दोन्ही ठिकाणी एकाच वर्षी गेला. दोन्हीकडे मुसलमान कारागीर, दोन्हीकडे पिढीजात हुन्नर, दोन्हीकडे जुने नावाजलेले गाव. मग एक गल्ली चालू राहते आणि दुसरी ओस पडते, असे का?

आम्हाला याची दोन कारणे दिसतात. पहिले म्हणजे, मिरजेचे गिऱ्हाईक एका दरबाराचे राहिले नव्हते. संस्थान जाण्याच्या कितीतरी आधीपासून मुंबई-पुण्याचे गवई, धारवाड-हुबळीचे गवई, नाटक मंडळ्या, संगीताच्या शाळा आणि शिकणारी सामान्य मुले-मुली असे अनेक गिऱ्हाईक त्यांनी जोडले होते. एक खांब पडला तरी छत राहिले. हिमरूचे छत मात्र बहुतांशी एकाच खांबावर होते.

दुसरे कारण अधिक बारीक आहे. तंबोरा विकला म्हणजे व्यवहार संपत नाही. तार घोडीवर घासून घासून जवारी झिजते, सूर बोथट होतो आणि वाद्य पुन्हा कारागिराकडे आणावे लागते. गिऱ्हाईक दर एक-दोन वर्षांनी भेटते, त्याच्या गळ्याचा सूर कारागिराला पाठ असतो. असे नाते स्वस्त नकलेने तुटत नाही. शेरवानीचे कापड एकदा विकले की विणकर आणि वापरणारा यांची भेट बहुधा होत नसे. मध्ये दलाल असे. दलालाने स्वस्त माल दाखविला की संबंध संपला.

यात हिमरूच्या विणकराला आम्ही दोष देत नाही. यंत्रमागाशी हातमागाने लढावे ही अपेक्षाच अन्यायाची आहे. मात्र धडा घ्यावयाचा तो असा की, जागेचा फायदा ही अमानत आहे. ती देणारा राजा असो, रस्ता असो, रेल्वे असो, ती केव्हाही परत मागितली जाते. ती हातात असतानाच तिच्यातून हुन्नर, ओळखी आणि विश्वास कमावून ठेवणारी पेढी पुढे टिकते.

मिरजेलाही नवे धक्के बसले आहेत. १९८० च्या दशकापासून इलेक्ट्रॉनिक तंबोरा बाजारात आला. आता तर मोबाईलमध्येच तंबोरा वाजतो. शिकणाऱ्या मुलांचा मोठा वर्ग त्यामुळे हातचा गेला. गल्लीने प्रवासात नेता येतील अशी लहान वाद्ये काढली, परदेशात माल पाठविला आणि २०२४ मध्ये मिरजेची सतार आणि मिरजेचा तंबोरा यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. तरीही कारागिरांची मुले या कामात राहतील काय, हा प्रश्न उभाच आहे. गल्ली आज आहे म्हणून उद्याही असेल, असे आम्ही म्हणणार नाही.

जागा बदलली, पेढी टिकली

जागा पूर्णपणे हातची गेली तर गुणांच्या बळावर पेढी नव्याने उभी राहू शकते काय? याची कसोटी पाहावयाची असेल तर हमदर्द दवाखान्याचे उदाहरण घ्यावे.

हकीम अब्दुल मजीद यांनी १९०६ मध्ये जुन्या दिल्लीत हा दवाखाना काढला. ‘रूह अफजा’ हे सरबत त्यांचेच. त्यांचे निधन लवकर झाले. त्यानंतर त्यांच्या पत्नी राबिया बेगम यांनी मुलांना हाताशी धरून काम सांभाळले. १९४७ च्या फाळणीत दोन भावांच्या वाटा वेगळ्या झाल्या. थोरले हकीम अब्दुल हमीद दिल्लीतच राहिले, धाकटे हकीम मुहम्मद सईद कराचीला गेले आणि १९४८ मध्ये त्यांनी तेथे अगदी छोट्या प्रमाणावर हमदर्द नव्याने सुरू केले. जागा नवी, गिऱ्हाईक नवे. सोबत होते ते नुस्खे, काम करण्याची रीत आणि नाव. दोन्ही देशांत हमदर्द उभे राहिले, पुढे बांगलादेशातही राहिले.

त्याच १९४८ मध्ये दिल्लीच्या हकीम साहेबांनी दवाखाना वक्फ केला. कराचीतही पुढे तसेच झाले. याचा धंद्याच्या दृष्टीने अर्थ असा की, पेढी वारसांना विकून वाटून घेता येणार नव्हती आणि तिचा नफा शिक्षण व आरोग्याच्या कामी लागणार होता. प्रत्येकाने आपले दुकान वक्फ करावे असे आम्ही सुचवीत नाही. पण ‘माझ्यामागे मालकी कोणाकडे जाईल आणि काम कोण पाहील’ हा निर्णय मालकाने हयातीतच घेतला होता, हे लक्षात घ्यावे.

चौदाशे वर्षांची पेढी कर्जाने गेली

आता उलट उदाहरण. जपानच्या ओसाका शहरात कोंगो गुमी नावाची बांधकामाची पेढी इ. स. ५७८ मध्ये सुरू झाली. कोरियाहून आणलेल्या एका सुताराने शितेन्नोजी हे बौद्ध मंदिर बांधावयास घेतले, त्याच्या वंशजांनी ते काम चालू ठेवले. आग लागो, भूकंप होवो, त्या मंदिराच्या डागडुजीचे काम या घराण्याकडे कायम असे. मोठ्या मुलालाच गादी द्यावयाची असा हट्ट त्यांनी धरला नाही. कामाचा कोणी नसेल तर लायक जावयाला घराण्याचे नाव देऊन पुढे केले.

ही पेढी चौदाशेहून अधिक वर्षे चालली. तिच्याइतकी उत्तम जागा कोणाची असेल? आणि इतके टिकाऊ गुण तरी कोणाचे? तरीही २००६ मध्ये ती स्वतंत्र पेढी म्हणून राहिली नाही, दुसऱ्या मोठ्या कंपनीने तिचे काम ताब्यात घेतले. १९८० च्या दशकात जपानमध्ये जमिनीचे भाव आभाळाला भिडले होते. सुतारकामातल्या या पेढीने त्या तेजीत कर्ज काढून जमीनजुमल्यात पैसा घातला. तेजी फुटली, जमिनीचे भाव कोसळले, कर्ज मात्र राहिले. इकडे मंदिरांची कामेही कमी झाली. व्याजाच्या ओझ्याने चौदाशे वर्षांचा धंदा वाकला.

व्याजाबद्दल अल्लाहचा हुकूम आपल्याला माहीत आहे. येथे आम्ही फक्त व्यवहाराची बाजू दाखवीत आहोत. तिचा मूळ धंदा मोडला नव्हता, तिचे सुतार आजही मंदिरे बांधतात. तिला बुडविले ते जे काम तिला येत नव्हते त्याने, आणि तेही उसन्या पैशांवर.

आपल्या दुकानाचा हिशेब

आता घराकडे वळू. आर्थर स्टिंचकोम या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये मांडले की, नव्या संस्था जुन्यांपेक्षा अधिक मरतात. कारण नव्याला सर्वच शिकावे लागते, माणसे एकमेकांना नवी असतात आणि गिऱ्हाईक, पुरवठादार यांचा विश्वास अजून जडलेला नसतो. जागा बदलणारा जुना व्यापारीही काही अंशी पुन्हा नवखा होतो, हे विसरू नये.

जागा बदलण्यापूर्वी पाटी-पेन्सिल घेऊन बसावे. समजा, गल्लीतल्या दुकानाचे भाडे महिना ५,००० रुपये आहे आणि मोठ्या रस्त्यावरच्या दुकानाचे ३०,००० रुपये. फरक २५,००० रुपयांचा. मालाची किंमत वजा जाता शंभर रुपयांच्या विक्रीत तुमच्या हाती २० रुपये उरत असतील, तर केवळ हा फरक भरून काढण्यासाठी महिन्याला १,२५,००० रुपयांची जादा विक्री झाली पाहिजे. २६ दिवस दुकान उघडे धरले तर रोजची सुमारे ४,८०० रुपयांची. अनामत रकमेत अडकलेले भांडवल, जादा दिवे, जादा नोकर हे वेगळेच. मोठ्या रस्त्यावर हातोहात विकला जाणारा माल असेल तर ही विक्री होईलही. पण गिऱ्हाईक तुमचे नाव विचारीत शोधत येत असेल, तर तेवढ्या भाड्यात गल्लीतच एक चांगला कारीगर ठेवता येतो.

जागा भाड्याची असेल तर कागद पक्का करावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ नुसार भाडेकरार किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. नोंदणीची जबाबदारी जागामालकाची आहे. ‘मालक आपल्या ओळखीचा आहे’ म्हणून तोंडी राहणारे बंधू मालकाच्या मुलाशी गाठ पडली की पस्तावतात. उधार-उसनवारीचा व्यवहार लिहून ठेवावा, साक्षीदार ठेवावेत, ही शिकवण सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे. कुरआनातील ती सर्वांत लांब आयत आहे आणि तिचा विषय हिशेबाचा आहे, यावर आपण विचार करावा.

भागीदारीचेही तेच. भारतीय भागीदारी कायदा १९३२ प्रमाणे वेगळा करार नसेल तर एका भागीदाराच्या मृत्यूने पेढी विसर्जित होते. दोनच भागीदार असतील तर करार असूनही ती संपते, कारण एकट्याची भागीदारी होऊ शकत नाही. म्हणून दोन भावांच्या दुकानात योग्य वेळी तिसरा, मुलगा, मुलगी किंवा विश्वासू माणूस घ्यावा. पेढी नोंदवावी. नोंदणी नसलेल्या पेढीला कराराचे येणे वसूल करण्यासाठी कोर्टात दावा लावता येत नाही.

दुकान घरात मोडते ते येथे

जुनी दुकाने बाहेरच्या मंदीपेक्षा घरातल्या वाटणीने जास्त मोडतात, असे आमचे मत आहे. बापाचे दफन होते आणि चाळीस दिवसांच्या आत दुकानात पडदा उभा राहतो. एका फळीवर दोन भावांचे दोन गल्ले, एकाच नावाच्या दोन पाट्या. बहिणींना कोणी विचारीतही नाही.

शरीअतने वारसांचे हिस्से ठरवून दिले आहेत, ते बदलण्याचा अधिकार कोणालाही नाही. कफन-दफनाचा खर्च, मग कर्ज, मग वसीयत आणि त्यानंतर वाटणी, हा क्रम आहे. वसीयत एकतृतीयांशापेक्षा जास्त करता येत नाही आणि इतर वारसांच्या संमतीशिवाय ती वारसाच्या नावे करता येत नाही. ‘दुकान टिकावे म्हणून’ बहिणीचा हक्क बुडविणाऱ्याने दुकान टिकविले नाही, दुसऱ्याच्या मालावर बसून धंदा केला. त्यात बरकत कोठून येणार?

हक्क देऊनही दुकान अखंड ठेवता येते. मालकाने हयातीतच जागा, माल, येणे आणि देणे यांची वेगवेगळी यादी करावी, म्हणजे पुढे किंमत ठरविताना भांडण होत नाही. चालविणाऱ्याने त्याच्या मेहनतीचा पगार घ्यावा आणि उरलेला नफा हिश्श्याप्रमाणे बहीण-भावांत वाटावा. किंवा जाणत्या त्रयस्थाकडून किंमत ठरवून बहिणींचा हिस्सा हप्त्याने विकत घ्यावा, तेही कागदावर. आणि दुकान कोण पाहील हे ठरविताना थोरला-धाकटा पाहू नये, कोणाच्या हातात काम आहे ते पाहावे. राबिया बेगमचे उदाहरण वर आलेच आहे. सून असो की मुलगी, ज्याला हिशेब येतो त्याच्या हाती वही द्यावी.

हुन्नराचेही तसेच आहे. उस्तादाने शेवटची कळ आपल्यापाशी राखून ठेवावयाची, ही आपल्या कारागिरांची जुनी सवय. उस्ताद जातो आणि कळ त्याच्याबरोबर कबरीत जाते. घरातले मूल शिकणार नसेल तर शेजारचे शिकवावे. मानांकन मिळालेल्या गावांतील कारागिरांनी हेही जाणून घ्यावे की, ते गावाच्या मालाला मिळते. त्या नावाने माल विकण्याचा हक्क हवा असेल तर प्रत्येकाने स्वतःची ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून वेगळी नोंद करावी लागते. नोंदणी दहा वर्षांची असते, मग तिचे नूतनीकरण करावे लागते.

स्वतःला विचारावयाचे प्रश्न

एका शांत जुम्याच्या दुपारी, नमाजनंतर, दुकानातील जाणत्या माणसांनी एकत्र बसून पुढील प्रश्नांची उत्तरे वहीत लिहावीत.

१. आमच्या जागेचा नेमका फायदा कोणता? रहदारी, कारागीर, कच्चा माल की पारखी गिऱ्हाईक? तो आणखी किती वर्षे राहील?

२. आमचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक उद्या बंद झाले तर दुकान किती महिने चालेल?

३. माल विकल्यावर गिऱ्हाईक आमच्याकडे परत येण्याचे काही कारण आम्ही ठेवले आहे काय? दुरुस्ती, बदल, सल्ला?

४. आमचा पैसा आम्हाला येत असलेल्या धंद्यातच आहे ना?

५. आज संध्याकाळी मालकाने डोळे मिटले तर उद्या सकाळी कुलूप कोण उघडील, येणे-देणे कोणाला ठाऊक आहे आणि बहिणींचा हिस्सा किती?

पाचव्या प्रश्नाचे उत्तर जेथे कोरे राहील, तेथून कामाला सुरुवात करावी. जागा शोधण्यास पुढे वेळ मिळेल. मरणाची वेळ मात्र अल्लाहनेच ठरविलेली आहे आणि ती दुकानाच्या सोयीने येत नाही.

ह. अब्दुर्रहमान (रजि.) यांना मदिनेत बाजाराची वाट दुसऱ्याने दाखविली. तूप आणि पनीर मात्र त्यांनी स्वतःच्या कसबाने कमावून आणले. आपल्या पेठा, गल्ल्या, मोहल्ले ही वाट आपल्या वाडवडिलांनी आपल्याला दाखवून ठेवली आहे. पुढचे काम आपले. अल्लाह आपल्या सर्वांच्या हलाल रोजीत बरकत देवो आणि ती आपल्या मुलाबाळांपर्यंत पोहोचवो. आमीन.